तराफ्यावरची उडी

किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्यात एक तराफा नांगरून ठेवला होता. त्यावर उंच लाकडी मचाण होतं आणि सकाळपासून माणसं त्यावरून धपाधप उड्या मारत होती. बेटावर आल्यापासून थोरलीचा जीव तिथेच अडकला होता.

दोघी जावा मिळून कपडे शिवायचं दुकान चालवत. थोरली वर्षभरापूर्वी शहरातल्या तलावात पोहायला शिकली. धाकटीला पाण्याचं वावडं. ती छत्रीखाली आडवी होण्यासाठीच आली होती.

आज सुट्टीचा शेवटचा दिवस. दुपारी लाटा वाढल्या की लाल बावटा लागणार आणि पाणी बंद, असं जीवरक्षकाने सांगितलं होतं.

"जायचं तर आत्ताच जा, काकू," तो म्हणाला. "तुमचं पोहणं बघितलंय मी. जमेल."

"ताई, हा पोशाख मी शिवलाय," धाकटी आडवी राहूनच म्हणाली. "बुडालात तर चालेल, पण शिवण उसवली तर दुकानाचं नाव जाईल."

"तू झोप. तेवढंच तुला येतं."

थोरली पाण्यात शिरली. मागे वाळूवर नुसता धुमाकूळ चालला होता. हॉटेलच्या गच्चीवर ढोल आणि तुताऱ्या वाजत होत्या, शहाळी फोडली जात होती, चेंडूमागे धावताना पोरं एकमेकांवर आदळत होती. डोकं पाण्याखाली गेलं आणि सगळा आवाज विझला. खालून पिवळ्या माशांचा थवा सरकला. तिला हसू आलं आणि नाकात पाणी गेलं.

हात, हात, श्वास. तलावात शिकवलेली लय अंगात भिनली होती. लाटेने वर उचललं की तराफा जवळ आलेला दिसे. तिने जोर लावला. बोटं शेवाळलेल्या लाकडाला लागली.

आणि ती वळली. पाय मुडपले, तराफ्याला रेटा दिला आणि किनाऱ्याकडे सुसाट निघाली.

तलावात वर्षभर हेच घोटून घेतलं होतं. भिंतीला हात लागला की थांबायचं नाही, मागचीला अडथळा होतो. इथे मागे कोणीच नव्हतं. तराफ्यावरची माणसं हाका मारत होती, पण तिचे कान पाण्यात होते.

निम्म्या वाटेवर तिने श्वासासाठी मान वर काढली, तेव्हा समोर छत्र्या दिसल्या. शिडी चढलेच नाही, मचाणावर गेलेच नाही, हे तेव्हा लक्षात आलं.

"काय बाई मी," ती मोठ्यांदा म्हणाली आणि पाण्यात पाय मारत तिथेच तरंगत राहिली.

किनाऱ्यावर जीवरक्षक खांबापाशी उभा होता. बावटा त्याच्या हातात होता. एवढ्यात धाकटी छत्रीखालून उठून त्याच्याकडे निघाली. काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण ते हातवारे ओळखीचे होते. कापड कमी पडलं म्हणून भांडणाऱ्या गिऱ्हाइकालाही ती असंच गप्प करायची. मग जीवरक्षकाने खाली वाकून आपली तरंगती फळी उचलली, बावटा धाकटीच्या हातात दिला आणि तो पाण्यात उतरला.

"त्या बाई बावटा लावायला देईनात," थोरलीजवळ येताच तो म्हणाला. "चला. एकच उडी. मग सगळ्यांनाच बाहेर काढणार आहे."

या वेळी तिने शिडी पकडली. मचाणावर वारा होता. रंगीत होड्या, गच्चीवरचे ढोल, ताडांच्या रांगा, आणि चक्क गुडघाभर पाण्यात बावटा घेऊन उभी असलेली धाकटी, सगळं एकदम दिसलं. मागच्या मुलीने विचारलं, "जाताय ना?"

ती गेली.

वर आली तेव्हा खोकत होती, हसत होती, आणि थेट शिडीकडेच निघाली. जीवरक्षकाने फळी आडवी लावली.

"काकू, एकच म्हणालो होतो."

"अरे, डोळे मिटले गेले. काहीच दिसलं नाही. ती उडी कशी मोजायची?"

त्याने एकदा लाटांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि फळी शिडीपासून बाजूला घेतली.