चावीवर घेतलेली तार

यशवंतानं गाडीतल्या नव्या पंपाची तार चावीच्या लाइनवर घेतली, चावी बंद केली, आणि पंपाबरोबर त्याची बायकोही थांबली.

सुगंधा गॅरेजच्या दारात चहा ओतत होती. तोंडी ओवी होती, तिची तिनंच जुळवलेली:

सडा घातला दारात, ऊन आलं पाया पडाया,
घाट उतरून वा—

तिथंच ती राहिली. ओठ उघडे, पापणी अर्धी मिटलेली. पदराचं टोक तेवढं वाऱ्यानं हलत होतं. चहा मात्र थांबला नाही. कप भरला, बशी भरली, मग तो तिच्या डाव्या हातावरून वाहू लागला. हातातून वाफा निघत होत्या आणि हात जागचा हलत नव्हता.

यशवंतानं धावत जाऊन किटली ओढली, बोटं सुटेनात. तिची ती मऊ बोटं वडाच्या पारंब्यांसारखी घट्ट झाली होती. तो उलटपावली गाडीकडं पळाला. काय बिघडलं ते कळलं नाही, की शेवटचं केलेलं उलटं करून बघायचं, ही त्याची कामातली सवय. त्यानं चावी फिरवली. पंप घुमला.

"—रा आला माझी वेणी सोडाया," सुगंधा म्हणाली. मग तिनं हाताकडं पाहिलं. "अगं बाई. हे कधी भाजलं?"

"आत्ताच."

"मला कळलं कसं नाही?"

यशवंतानं किटली तिच्या हातातून काढून खाली ठेवली.

गाडी दळवी मास्तरांची. मास्तर घाटमाथ्यावर राहायचे, आणि त्यांची म्हातारी गाडी चढणीवर तापायची, बॉनेटमधून वाफ सोडत रुसून बसायची. म्हणून इंजिनाचं पाणी फिरवायला हा जादा पंप. तो चावीबरोबर चालू व्हावा, चावीबरोबर बंद व्हावा. नाही तर उभ्या गाडीची बॅटरी पिऊन टाकेल. तेवढं साधं काम होतं. मास्तर बाकड्यावर बसून मोसंबं सोलत होते.

तिला तारेपासून सोडवायला यशवंतानं पक्कड घेऊन सांधा तोडला. पंप बंद पडला. सुगंधा हाताला मलम लावायला निघाली होती, ती एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून थांबली. आता चावी फिरवूनही उपयोग नव्हता. तारेची दोन टोकं एकमेकांना लावायची, तर घाईत ती एकमेकांना चुकवून जात होती. शेवटी ती भेटली. सुगंधानं दुसरा पाय उचलला.

सकाळपर्यंत ती तिची ती होती. आता लाइनवर होती.

त्यानं तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, हातावर फुंकर घालत.

"बंद करा बघू. मला बघायचंय."

"तुला बघता येणार नाही."

"मग तुम्ही सांगा. कशी दिसते मी?"

"फोटोसारखी."

"फोटोवाला आधी हसा तरी म्हणतो," ती म्हणाली, पण तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता. ती हळूच खाली बसली.

मास्तरांनी मोसंब्याची फोड तोंडात टाकली. "झालं का रे, यशवंत? निघू ना मी?"

"गाडी नेता येणार नाही, मास्तर."

"का? पंप चालत नाही?"

"पंप चालतो. पण सुगंधा त्याच तारेवर आलीय."

मास्तरांनी मान डोलावली, जणू पाऊस येईल असं कुणीतरी म्हणालं होतं. "आमची मंडळी हॉर्नवर आहे. मागं एका गॅरेजात हॉर्न बदलला तेव्हापासून. म्हणून मी तो वाजवत नाही."

"चेष्टा करता काय?"

"दाबून बघ की."

यशवंतानं हॉर्न दाबला. हॉर्न वाजला नाही. वर, घाटाच्या झाडीतून कुठून तरी, एका बाईची हाक आली: "आले, आले." आवाज दमलेला होता. यशवंतानं विस्तवाला लागल्यासारखा हात मागं घेतला.

"दाबलंस, आता ती निघाली असेल," मास्तर म्हणाले. "उगाच. तिचे गुडघे दुखतात." मग ते उठले. "हे बघ, मला दिवस मावळायच्या आत घरी पोचायचंय. चावी काढली की सुगंधा थांबते ना? मग चावीवर घेऊ नकोस. डायरेक्ट दे बॅटरीवर. बॅटरी कशी उतरते ते मी बघेन. वरती चार्जर आहे माझ्याकडं."

यशवंताला दुसरं काही सुचत नव्हतं. त्यानं चावी चालू ठेवूनच आधी एक तार सरळ बॅटरीवर नेली, मग चावीवरची सोडवली. चावी काढली. सुगंधा थांबली नाही. त्यानं डोळे मिटून मोठा श्वास सोडला.

सुगंधा उठली आणि तिनं सांडलेला चहा पुसला. पुसून झाल्यावर ओटा पुसला, बाकडं पुसलं, मास्तरांची मोसंब्याची सालं उचलली. नट-बोल्टचे पाने आकारानुसार लावले, विस्कटले, पुन्हा लावले. केरसुणी घेऊन अंगण झाडलं आणि झाडलेलं पुन्हा झाडायला घेतलं. ओवी सुरूच होती. एक संपायच्या आत दुसरी, दुसरीच्या पाठीवर तिसरी, मधे श्वासालाही जागा नाही. घामानं तिचं पोलकं पाठीला चिकटलं. भाजलेल्या हातावरचा फोड फुटला.

"पुरे आता," यशवंत म्हणाला. "बैस जरा."

"बसता येईना," ती झाडता झाडता म्हणाली. "अहो, मला थांबताच येईना. झोपायचं कसं हो मी?"

तो पुढं झाला आणि त्यानं तिला मिठीत धरलं. मिठीतही तिचे हात त्याच्या पाठीमागं केर लोटत राहिले. ती रडत होती, आणि रडणंही थांबत नव्हतं.

"चावीवरच घ्या परत," ती म्हणाली. "थांबणं परवडलं. पण चावी माझ्याकडं द्या. माझी मी फिरवीन. झोपायच्या वेळी बंद करीन, सकाळी तुम्ही चालू करा. एवढं कराल ना?"

"करीन."

"विसरायचं नाही."

"विसरेन कसा?"

"मास्तर," ती झाडू हलवत म्हणाली, "तुम्हाला मी वर सोडते. उतरलात की गाडी मी घेऊन येणार. चालेल?"

मास्तरांनी थोडा विचार केला. "नाही तरी माझे डोळे आता बरे नाहीत," ते म्हणाले, आणि छत्री घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसले.

यशवंतानं चावी चालू करून तार पुन्हा होती तिथं जोडली, डायरेक्टची काढली. सुगंधाचे हात गळून खाली आले. ती दाराच्या चौकटीला टेकून, डोळे मिटून, नुसती उभी राहिली. मग पदरानं तोंड पुसून गाडीत जाऊन बसली. गॅरेजातल्या गाड्या मागंपुढं करता करता ती चालवायला शिकली होती. गाडी चढणीवर उभी होती, पहिल्या गिअरमध्ये, मागच्या चाकाला दगड लावून.

"दगड काढा," ती म्हणाली.

त्यानं दगड काढला. तिनं चावीवर बोटं ठेवली. कितीतरी वेळानं तिचा चेहरा तिचा वाटत होता.

"माझी मी," ती म्हणाली, आणि क्लचवर पाय ठेवायच्या आत तिनं चावी पुढं दाबून सेल्फ मारला.

सेल्फ मारताना गाडी सगळी ताकद इंजिन फिरवणाऱ्या त्या मोटरलाच देते. रेडिओ, पंखा, असल्या वरकड तारा तेवढ्यापुरत्या मेलेल्या असतात. चावी मागं आली की पुन्हा जिवंत होतात. यशवंतानं पंपाची तार रेडिओच्या तारेतून घेतली होती. हाताशी होती म्हणून. आता चावी मागं यायची तर बोटं सुटायला हवी होती, आणि बोटं सुटायला थांबलेली सुगंधा सुरू व्हायला हवी होती.

इंजिन सुरू झालं. गाडीनं झटका दिला आणि ती चालू लागली. सेल्फ सुटला नव्हता. तो किंचाळत होता.

यशवंत खिडकीतून हात घालून गाडीबरोबर धावू लागला. त्यानं तिचं एकेक बोट उचकटून पाहिलं. स्टीअरिंगवरचा हात ओढून पाहिला. "सुगंधा," तो म्हणत होता, "सोड. अगं, सोड." तिच्या हाताला अजून ऊब होती.

"चांगली उचलते की," मागून मास्तर म्हणाले. मग जरा वेळानं, "पण तापतेय."

चढण वाढली. बॉनेटच्या फटीतून वाफेची पहिली रेघ निघाली. पुढं रस्ता डावीकडं वळत होता, त्याच्या उजव्या अंगाला नुसतं आभाळ होतं, आणि तिच्या हातातलं स्टीअरिंग सरळ होतं.