घड्यांच्या खोलीत दोन पदव्या

शनिवारी अकराच्या सुमाराला शहाणी हॉस्पिटलच्या लाँड्रीत आली, तेव्हा मोठीबाई घड्यांच्या खोलीत एकटीच उभी होती आणि तिचं डोकं आधीच फिरलेलं होतं. जोडीची बाई दाढ धरून घरी गेली होती. इस्त्रीच्या रोलरमधून गरम चादरी एकामागून एक टेबलावर येऊन पडत होत्या, आणि हॉस्पिटलच्या चादरीची एकट्याने नीट घडी होत नाही. एकटीने घातली की तिचं गाठोडं होतं, आणि गाठोडं वॉर्डात पाठवणं मोठीबाईच्या रक्तात नव्हतं.

शहाणी ही तिची नात. चार वर्षांची असताना तिने विचारलं होतं, "आजी, तू रागावतेस तेव्हा तुला नक्की कुठे दुखतं?" त्या दिवशी मोठीबाईने तिला हे नाव ठेवलं. पोरगी सव्वीस वर्षांची झाली तरी नाव काही सुटलं नाही.

"घरी आई सारखी माझ्याकडे बघत बसलीय," शहाणी म्हणाली. "मी कप उचलला तरी तिला वाटतं, ठरलं."

"मग इथे काय ठरवून देतात?"

"इथे आवाज असतो. बरं वाटतं."

"हात धू आणि तिकडची टोकं धर."

शहाणीने टोकं धरली. डोळ्यांखाली काळं आलं होतं, केस कसेतरी बांधलेले. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. दोन विद्यापीठांची पत्रं आली होती, आणि दोन्ही पदव्या मनाच्या दुखण्यांच्या विद्येतल्या, दोन्ही डॉक्टरकीच्या. एक पीएचडी. ती अकरा तासांच्या प्रवासावर, सहा वर्षांची, बहुतेक वेळ संशोधनाचा. दुसरी सायडी, म्हणजे उपचार करायची पदवी. तिच्यात पहिल्या वर्षापासून पेशंट बघायचे, आणि ती याच शहरात, घरापासून चाळीस मिनिटांवर. आज संध्याकाळी पाचपर्यंत एकीला हो आणि दुसरीला नाही कळवायचं होतं.

मोठीबाई तिसरी शिकलेली. तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "दोन्हीत नावापुढे डॉक्टर लागतं ना?"

"लागतं."

"मग घोडं अडलंय कुठे?"

घोडं कुठे अडलंय हे शहाणी सांगत नव्हती, आणि आपल्याला काय हवंय हे मोठीबाई सांगत नव्हती. तिला पोरगी जवळ हवी होती. पण मागणं हा तिचा स्वभावच नव्हे. ती फक्त महिनाभर, कुणी विचारलेलं नसताना, घरचं जेवण तब्येतीला कसं मानवतं यावर बोलत होती.

दोघींनी चादर झटकली, काठाला काठ लावला, एकमेकींकडे चालत आल्या. मोठीबाईने शहाणीच्या हातातली टोकं घेतली, शहाणीने खाली लोंबणारी घडी उचलली. पुन्हा मागे. पुन्हा जवळ. चादर ढिगावर. पुढची.

पाच-सहा चादरी अशाच गेल्या. मग शहाणी म्हणाली, "क्लिनिकमध्ये माझ्याकडून एक चूक झालीय."

मोठीबाईने पुढची चादर ओढली.

शहाणी दोन वर्षांपासून मनाच्या दुखण्यांच्या एका क्लिनिकमध्ये मदतनीस होती. नव्याने आलेल्या माणसाला उदासी तपासणारे नऊ ठरलेले प्रश्न वाचून दाखवायचे आणि त्याच्या उत्तराला शून्य ते तीन आकडा द्यायचा, हे तिचं काम. वाक्य छापलंय तसंच वाचायचं, आपल्या पदरची भर घालायची नाही, नाहीतर आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. शिकताना तिने आजीलाच समोर बसवलं होतं. मोठीबाईने नऊच्या नऊ प्रश्नांना "नाही" सांगितलं आणि वर विचारलं, "मला काय धाड भरलीय?"

"एक बाई आली होती," शहाणी म्हणाली. "कुठल्याशा कँटीनमध्ये भांडी घासणारी. भावाने बळंच आणलेलं. नऊ शून्य. मला दिसत होतं की ही बाई ठीक नाही. पण मी वाक्य वाचलं, ती नाही म्हणाली, मी शून्य लिहिलं. तिला घरी पाठवलं."

चादर जवळ आली, लांब गेली.

"तीन आठवड्यांनी तिला अँब्युलन्समधून आणलं. जेवण टाकलं होतं तिने. आता वाचलीय. पण हाडं मोजता येतात."

"नियम मोडलास का?"

"नाही ना. तेच तर. नियमाप्रमाणे केलं."

मोठीबाईला राग आला, पण नेमका कुणाचा ते कळेना. "तू तिला खुर्चीत बसवलंस," ती म्हणाली. "समोर टेबल, तुझ्या हातात पेन. आणि विचारलंस, बाई गं, तुझ्या जिवाला काय झालंय. कोण सांगेल? मी तरी सांगितलं का?"

"म्हणजे तू तेव्हा..."

"मध्ये बोलू नकोस, काठ धर. इथे बायका चादरीला बोलतात. जवळ येईपर्यंत एक वाक्य, मग मागे सरकायचं. हात गुंतलेले असतात, तोंडाकडे बघावं लागत नाही. एकीचं पोटातलं मूल गेलं, ते तिने मला सात चादरींत सांगितलं. तुझ्या टेबलापाशी ती 'बरंय' म्हणाली असती आणि चपला घालून निघाली असती."

चार चादरी झाल्या. पाचवी झटकताना शहाणीने, जणू घड्याळात किती वाजले असं विचारावं तसं, विचारलं, "गेल्या पंधरा दिवसांत कशात मनच लागलं नाही, असं किती दिवस झालं?"

"रोजच," मोठीबाई म्हणाली.

म्हणून गेली आणि मग तिला कळलं. पण हात थांबले नाहीत. हातांना एकतीस वर्षांची सवय.

"झोप?"

"तीनला डोळा उघडतो."

चादर ढिगावर गेली.

"जेवण?"

"चावायचा कंटाळा येतो."

"आपण घरात नुसते जड झालोय, असं वाटतं?"

मोठीबाईने टोकं घेतली, घडीवर तळहात फिरवला, एक सुरकुती होती ती काढली. "गुडघे गेल्यापासून," ती म्हणाली.

शहाणीने पुढची चादर उचललीच नाही. रोलरवाल्या बाईने आतून हाक मारली, टेबल भरलं म्हणून. दोघींपैकी कुणी ओ दिली नाही.

"झालं मग," शहाणी म्हणाली. "मी इथेच राहते. सायडी घेते. तुला अशी सोडून नाही जायची."

महिनाभर जे ऐकायला मोठीबाईचे कान टवकारलेले होते, ते हे. छातीत ऊब आली, नाही असं नाही. एवढंच केलं असतं तर भागलं असतं की, तोंड मिटून पुढची चादर घ्यायची. पण तिचं तोंड आयुष्यात कधी वेळेवर मिटलं नव्हतं.

"ती नऊ वाक्यं कुणी लिहिली?" तिने विचारलं.

"संशोधन करणाऱ्यांनी."

"ती बदलायची असली तर कुठली पदवी लागते?"

शहाणी चादरींच्या ढिगाकडे बघत राहिली. विचारल्याबरोबर मोठीबाईला कळलं की हे विचारायला नको होतं.

"दोन्हीकडे थोडंफार करता येतं," शहाणी हळूहळू म्हणाली. "पण पीएचडीला ज्या प्रोफेसरबाई आहेत ना, त्यांचं कामच हे. माणसाला कुठे, कसं विचारलं की तो खरं सांगतो."

"त्या अकरा तासांवरच्या?"

"हो."

"मग महिनाभर काय माशा मारत होतीस?"

"मला वाटत होतं, पेशंट बघायला लागले की त्या कँटीनच्या बाईचं देणं फिटेल. एकेकाला नीट बसून विचारायचं. रोज."

"ते फिटत नाही," मोठीबाई म्हणाली. तिला यातलं कळत होतं. बाळंतपणात गेलेली धाकटी बहीण तिच्या मनावर पन्नास वर्षं होती, आणि तेवढ्या वर्षांत तिने किती बायकांची बाळंतपणं निभावली, त्याने तसूभर फरक पडला नव्हता. हे ती बोलली नाही. खूप चादरी लागल्या असत्या.

"पण तुझं काय?" शहाणी म्हणाली. "सोमवारी क्लिनिकमध्ये येशील तर जाईन. नाहीतर नाही."

"मी काय वेडी आहे?"

"नाहीस. दमलीयस."

या लाँड्रीत, त्या घरात, कुणी हा शब्द तिला लावला नव्हता. खडूस म्हणाले होते, फाटक्या तोंडाची म्हणाले होते, पाठीमागे आणखीही बरंच. मोठीबाई टेबलाला टेकली.

"दमलेय," ती म्हणाली. "बरीच वर्षं."

शहाणी जवळ येऊ लागली तसा तिने हात आडवा केला. "गळ्यात पडू नकोस. पत्र लिही आधी."

शहाणीने तिथेच, घातलेल्या घड्यांवर फोन टेकवून, दोन पत्रं लिहिली. जवळच्या विद्यापीठाला नाही कळवताना तिला जास्त वेळ लागला. मोठीबाईने दोन्ही वाचून दाखवायला लावली. "एवढ्या वेळा आभार कशाला? त्यांनी काय उचलून दिलंय?" म्हणत एक आभार कमी करायला लावला. पावणेदोनला पत्रं गेली. कुणालाच आनंद झाल्यासारखं दिसलं नाही. शहाणी स्टुलावर बसली आणि भिंतीला डोकं टेकून तिने डोळे मिटले.

तेवढ्यात फोन वाजला. शहाणीच्या आईचा, म्हणजे मोठीबाईच्या सुनेचा. शहाणी उठेना, तेव्हा मोठीबाईने उचलला.

"ठरलं," ती म्हणाली. "लांबची. सहा वर्षं. रडायचं असेल तर आत्ता रडून घे, संध्याकाळी पोरीसमोर नको."

"बरं, आई," सून म्हणाली.

"आणि सोमवारी रजा टाक. मला पोरीच्या क्लिनिकमध्ये जायचंय. ती तिथे कामाला असते, माझ्या शेजारी बसणार नाही. कुणीतरी सोबत लागेल मला."

सत्तावीस वर्षांत तिने या सुनेकडे काही मागितलं नव्हतं. हुकूम सोडले होते, ते वेगळं.

"टाकते," सून म्हणाली. "पण तुम्हाला काय झालंय, आई?"

"फोनवर कसलं विचारतेस. घरी आले की सांगते," मोठीबाई म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला जाणवलं की सून विचारल्याशिवाय राहणार नाही, आणि आता खरंच सांगावं लागेल.