बयाबाई आणि मशीनांची रांग

बाजारचा दिवस होता. माझ्या भाताच्या गिरणीच्या दारापासून थेट हमरस्त्यापर्यंत गोण्या नंबरात लागल्या होत्या आणि एकाही गोणीपाशी माणूस नव्हतं. पोलादपूरचा सगळा बाजार आत, मधल्या मशीनभोवती गोळा झालेला. मशीन बंद पडलं होतं. त्याच्यावर लिंबू, पुढ्यात उदबत्त्या आणि मांडी ठोकून बसलेले देवव्रत महाराज. डोळे मिटून पुटपुटत होते. मधूनच एक डोळा उघडून मनगटावरचं घड्याळ बघत होते. ते मी पाहिलं, पण त्यावर विचार केला नाही.

पाव तासानं महाराज म्हणाले, "माई, आता हिरवं बटण दाबा."

मी दाबलं. मोटर घुमली, पट्टा फिरला, तांदूळ पडू लागला. दीडशे माणसांनी एकदम हात जोडले. आमच्या गावचा हैबती कधी रानडुकराला भ्यायला नाही, तोही त्या लिंबाच्या पाया पडला.

ही अठ्ठ्याण्णव सालच्या हंगामाची गोष्ट. मी अंबिका. शाळेत दुसरीपर्यंत गेले, पण नवऱ्यामागं तीन मशीनांची गिरण चालवली आणि मला कुणी फसवू शकत नाही असा माझा तोरा होता. असा तोरा असलेलं माणूसच बुवांना लवकर सापडतं.

दिवाळीपासून मशीनं सारखी बंद पडत होती. आज हे, उद्या ते, बाजारच्या दिवशी तर एकामागून एक. दुरुस्तीला महाडचा सईद. हात सोन्याचा, पण माणूस एक. लोक खोळंबायचे, भांडायचे. अशात कुणीतरी महाराजांना आणलं.

महाराजांनी गिरणीत एक चक्कर मारली, नाकानं हवा ओढली आणि म्हणाले, "माई, यंत्रालाही प्राण असतो. तुमच्या यंत्राचा प्राण कुणीतरी ओढून नेतंय. बाईमाणूस आहे. एकटं आहे. हातात सूप दिसतंय मला."

दिसणारच. बयाबाई त्यांच्यापासून दहा हातांवर सूप घेऊन बसली होती.

बयाबाई विधवा, मूलबाळ नाही. गर्दीच्या दिवशी गिरणीत यायची, सांडलेला कोंडा-कणी पाखडून न्यायची. त्यावर तिच्या कोंबड्या जगायच्या आणि अंडी विकून ती जगायची. बारा वर्षं येत होती. मला एकदा हिवताप झाला तर तिनं माझं अंगण सारवलं होतं.

"काकी, मी काय केलाय गो?" ती एवढंच म्हणाली.

मी तिचं सूप उचललं आणि रस्त्यावर फेकलं. सगळ्या बाजारादेखत. "पुन्हा पायरी चढलीस तर बघ," म्हणाले. हे मी केलं, महाराजांनी नाही. महाराजांनी फक्त बोट दाखवलं होतं.

पुढचं गावानं केलं. तिची अंडी कुणी घेईना. विहिरीवर ती आली की बाया आपापले हंडे उचलायच्या. एका सकाळी तिच्या साती कोंबड्या माना मुरगळून दारात पडलेल्या. आठ दिवसांत ती भावाकडं शिवथरला निघून गेली.

ती गेल्यावरही मशीनं बंद पडतच होती. महाराज म्हणाले, "तिची सावली अजून रेंगाळतेय." लोक म्हणाले, "व्हय, रेंगाळतेय." मीही म्हणाले.

मग माझी भाची चैत्राली आली. महाडच्या कॉलेजात गणित शिकवते. गिरणीच्या भिंतीवरच्या कोळशाच्या रेघा बघून म्हणाली, "मावशी, हे काय?"

"मशीन बंद पडलं की एक रेघ. त्या दिवशी बया आलेली असली तर वर फुली, ती महाराजांनी सांगितल्यावर आठवून आठवून घातली. मोज. रेघा एकेचाळीस, फुल्या छत्तीस. मला अडाणी समजू नकोस."

तिनं खरंच मोजल्या. मग म्हणाली, "बयाबाई आल्या आणि काहीच बंद पडलं नाही, ते दिवस कुठे मांडलेत?"

"ते कशाला मांडायचे?"

"बरं. त्या कुठल्या दिवशी यायच्या?"

"गर्दीच्या. जास्त भात भरडलं तरच कोंडा सांडणार ना."

"आणि मशीनं सगळ्यात जास्त राबतात कुठल्या दिवशी?"

कोपऱ्यातल्या चुलीवरचा चहा उतू गेला. मी भांडं उतरवलं. त्याही गर्दीच्याच.

तिनं तीन कप पुढ्यात मांडले आणि एक चमचा घेतला. "हे कप म्हणजे मशीनं, चमचा म्हणजे सईदभाई. हे मशीन बिघडलं, सईदभाई यात अडकले. तेवढ्यात दुसरं बिघडलं, ते थांबलं. तिसरं बिघडलं, ते दुसऱ्याच्या मागं थांबलं. माणसांची रांग तुला दिसते, मावशी. मशीनांची रांग दिसत नाही. दुखणं त्या रांगेत आहे."

"पण एकदम तिन्ही बिघडायला करणी नको?"

"नको. कुठलं मशीन कधी बिघडेल ते कुणी सांगू शकत नाही, मीही नाही आणि तुझे महाराजही नाहीत. पण महिन्यात साधारण किती बिघाड होणार ते तुझी भिंतच सांगते. त्याची तयारी करता येते. पट्टा, चाळणी आधीच आणून ठेव. बाजारच्या दिवशी दुसरा माणूस बोलव. आणि मशीनं दिवसभर चालतील तेवढ्या सगळ्या गोण्या घेऊ नकोस. कळशी काठोकाठ भरलीस तर एका ठेचेला सांडते. दिवसातही थोडी जागा रिकामी सोड, म्हणजे बिघाड त्या जागेत मावेल."

"आणि लिंबानं चालू होतं ते?"

बाहेर सईद हात पुसत उभा होता. तो म्हणाला, "काकी, लिंबानं नाय होत. पहिल्या दिवसापासून सांगतोय, गार होऊ द्या, गार होऊ द्या. मी एका मशीनच्या पोटात हात घालून बसलेला, माझं ऐकतो कोण?" त्यानं बटणाची पेटी उघडली. आत बोटाएवढी पट्टी. मशीनमध्ये भात कोंबलं, ओलं भात घातलं की मोटरीवर ताण येतो, पट्टी तापते, वाकते आणि मोटर जळू नये म्हणून वीज तोडते. गार झाली की पुन्हा सरळ. त्याला पाव तास लागतो. महाराजांच्या मंत्राला लागतो तेवढाच.

पुढच्या बाजारी महाराज लिंबू घेऊन हजर झाले. मशीन बसलं. महाराज मांडी घालणार तोच चैत्राली म्हणाली, "आज मी म्हणते." आणि तिनं एकोणतीसचा पाढा सुरू केला. एकोणतीस संपला, मग एकोणीस, मग सतरा, मग पुन्हा पहिल्यापासून. पाव तासानं मी बटण दाबलं. मशीन चालू.

 मग हैबती हात जोडून म्हणाला, "बाईंच्या पाढ्यात पण शक्ती हाय."

माझं डोकं फिरलं. दुपारी मशीन पुन्हा बसलं तेव्हा मी पुढं झाले आणि पाव तास महाराजांना शिव्या घातल्या. माझ्या सासूकडून आलेल्या, त्यात एकही दोनदा आली नाही. शेवटची संपवून बटण दाबलं. मशीन चालू.

"आता बोल हैबती, माझ्या शिव्यांतही शक्ती हाय का?"

पहिल्यांदा लोक हसले. मी महाराजांना विचारलं, "देवाशी बोलताना घड्याळ कशाला लागतं हो?"

"नास्तिकांपुढं शक्ती प्रकट होत नाही," म्हणत ते उठले, लिंबू झोळीत टाकलं आणि महाडच्या एसटीत बसले. कुणी अडवलं नाही. बयाबाईला गावाबाहेर घालवणारे हात महाराजांना साधे आडवेही गेले नाहीत.

मी चैत्रालीचं ऐकलं. गावांना वार वाटून दिले, सईदच्या जोडीला गणू नावाचा दुसरा मिस्त्री ठेवला. मशीनं अजूनही बिघडतात. पण रांग दुपारपर्यंत संपते.

मग मी शिवथरला गेले. बयाबाई एका परक्या अंगणात तांदूळ पाखडत होती. मला बघून उठली नाही.

"बया, चूक झाली. चल परत."

"काकी, मशीन कसं चालतं ते तुम्ही समद्यांना दाखवलंत. माझं काय दाखवणार?"

"मी चार माणसांत सांगीन, तुझा काही दोष नव्हता म्हणून."

"सूप फेकलंत तेव्हा चार नव्हती. सगळा बाजार होता."

घरातली बाई दारात येऊन आमच्याकडं बघू लागली. बयाबाईनं आवाज खाली केला. "हितं कुणाला ठाऊक नाय. तुम्ही आलात, आता इचारतील, कोण आलेली, कशाला आलेली. जावा काकी."

मी निघाले. एसटी पोलादपूरला पोचेपर्यंत मान वर केली नाही.

म्हणून वाचणाऱ्यांनो, सरळ सांगते. मशीन बिघडतं, कारण ते मशीन आहे. माणूस आजारी पडतं, कारण ते माणूस आहे. त्याची तयारी ठेवा, गुन्हेगार शोधू नका. आणि कुणी कुणाकडं बोट दाखवलं तर एवढंच विचारा, हे माणूस आलं आणि काहीच बिघडलं नाही असे दिवस किती? हे विचारायला कॉलेज लागत नाही. दुसरी शिकलेल्या बाईलाही विचारता येतं. मी विचारलं नाही.