वीसपैकी वीस

त्या वर्गात स्वतःच्या मनानं उत्तर लिहिणं उद्धटपणाचं समजत. खिडकीजवळच्या हुशार मुलीचं नावच मुळी 'किल्ली' पडलं होतं. तिच्या वहीवर शाई सांडली, तर मागच्या चाळीस वह्यांवर डाग उमटत. मुख्याध्यापक याला 'वर्गाची एकजूट' म्हणत आणि पाहुण्यांना दाखवत.

तिच्या शेजारी गुणगुण्या बसायचा. ओठांत सदान्‌कदा कसला तरी सूर. सत्राच्या सुरुवातीला वरून मनाची विचारपूस करणारं पत्रक आलं. प्रश्न दुसरा: 'जगणं नकोसं वाटतं का?' किल्लीनं 'नाही' लिहिलं. गुणगुण्याचं पेन बराच वेळ अधांतरी राहिलं. मग त्यानं सवयीनं तिच्या कागदात डोकावून 'नाही' उतरवलं. तिनं ते पाहिलं. बाईंनी पत्रकं तपासून सगळ्यांना वीसपैकी वीस दिले.

दोन महिन्यांनी गुणगुण्यानं आयुष्य संपवलं. शाळेनं दोन मिनिटं मौन पाळलं, बाकाची त्याची अर्धी बाजू रंगवून घेतली आणि तेच पत्रक पुन्हा वाटलं.

"मोकळेपणानं लिहा, बाळांनो," मुख्याध्यापक म्हणाले. "फक्त 'हो' लिहिणाऱ्यांनी उद्या पालकांना आणायचं."

झालं! मोकळेपणानं तिथूनच काढता पाय घेतला.

किल्लीच्या नाकात शेजारच्या ओल्या रंगाचा वास गेला. तिनं 'हो' लिहिलं. तसं ते मागच्या वेळीही खरंच होतं. पण हुशार मुली 'हो' लिहीत नसतात.

"किल्ले, दुसऱ्याचं काय?" मागून दांडगोबा कुजबुजला.

"हो."

"येडी का काय? बापाला आणावं लागेल!"

"मग स्वतःच्या मनानं लिही."

असला अघोरी उपाय कुणाला झेपतो? एक्केचाळीस 'हो' जमा झाले.

दुसऱ्या दिवशी वऱ्हांड्यात पालकांची जत्रा. किल्लीचे बाबा दुकानाचं शटर अर्धं ओढून आले होते. "घरात काय कमी आहे गं तुला?" असं म्हणून ते घड्याळ बघत दारात उभे राहिले.

"कॉपी झालीय!" मुख्याध्यापक गरजले. "फेरपरीक्षा! एका बाकावर एक, दप्तरं बाहेर!"

अकरा 'हो' निघाले. एक्केचाळीस हसण्यावारी नेता आले असते. अकरा मात्र मुख्याध्यापकांनी दोनदा मोजले. त्यात दांडगोबाही होता.

"बाळ, निदान तू तरी बदल," ते किल्लीला म्हणाले. "तुझं कधी चुकत नाही."

"मागच्या वेळी चुकलं होतं, सर. आणि ते एकानं उतरवून घेतलं."

बाबांनी घड्याळावर बाही ओढली. आत येऊन ते तिच्या शेजारी, रंगवलेल्या बाजूला बसले. गुडघे फळीखाली अडकले.

"एका कागदानं कुणी जात नाही, पोरी," ते म्हणाले. "बाकीचं सांग. पहिल्यापासून."

"बाबा, रंग अजून ओला आहे."

"असू दे."

"दुकान?"

"बंद."