गायीला अठरा, बॅगेला तीन

भाषेच्या बाई खुर्चीत बसून विचार करणाऱ्यांपैकी नव्हत्याच. पण त्या शनिवारी संगणकाच्या खोलीत त्यांनी ज्या येरझाऱ्या घातल्या, त्या पाहून शिपायाने दोनदा विचारलं, "बाई, काही हरवलंय का?"

हरवलं काही नव्हतं. वार्षिक परीक्षेचे निबंध यंदा यंत्र तपासणार होतं. माणसांनी फक्त गुणदानाचे निकष लिहून द्यायचे. त्यासाठी नेमलेल्या तिघांपैकी एकाची पाठ धरली होती, आणि त्याचं पाहून दुसऱ्यानेही धरवून घेतली होती. उरल्या बाई. संध्याकाळी मुख्याध्यापकांची निकषांवर सही झाली, की यंत्राचे गुण तेच कायम.

यंत्राने सकाळी एक फेरी करून दाखवली होती. विषय 'माझे घर', गुण वीस, पास व्हायला सात. निबंध गेला, की भाषा गेली. एका मुलीने लिहिलं होतं, 'आमचं घर सारखं बदलतं, म्हणून मी आमच्या बॅगेबद्दल लिहिते.' बॅगेची चेन तुटलेली, तिला कपड्यांचा चिमटा लावलेला. 'सगळ्यात खाली काय ठेवायचं ते आई ठरवते, कारण ते सगळ्यात शेवटी निघतं. मागच्या दोन घरांत ते निघालंच नाही.'

यंत्राने तीन गुण दिले होते. शेरा, विषयांतर. म्हणजे मुलगी भाषेत नापास, आणि पुन्हा वर्षभर त्याच बाकावर. बाईंच्या हिशेबाने निबंध सोळाचा होता.

"यंत्राचं काय चुकलं?" यंत्र बसवायला आलेला तरुण म्हणाला. त्याला शाळेत सगळे यंत्रवालाच म्हणत. "घर विचारलं, बॅग आली. तुम्ही निकष सुधारा मॅडम, ते मुकाट ऐकेल. सुनेसारखं."

"कुठल्या सुना पाहिल्यास तू," बाई म्हणाल्या आणि उभ्या उभ्याच टाइप केलं, 'विषयाकडे वेगळ्या बाजूने पाहिल्यास गुण द्यावेत.'

बॅग चौदावर गेली. बाई क्षणभर टेकल्या आणि लगेच उठल्या. अठरा गुण मिळवून गाय पहिली आली होती. एका पठ्ठ्याने फक्त गायच पाठ केली होती आणि घराच्या जागी ती इमानेइतबारे उतरवली होती.

"वेगळी बाजू आहे," यंत्रवाला म्हणाला.

बाईंनी पुस्ती जोडली, 'वेगळ्या बाजूचा विषयाशी संबंध असावा.' बॅग पुन्हा तीनवर. गाय जागची हलली नाही, कारण पठ्ठ्याने शेवटी लिहिलं होतं, 'अशी ही गाय आमच्या घरी नाही.'

मग बाईंनी 'मनाला भिडणारे लेखन' लिहून पाहिलं. त्याबरोबर ज्यांचे ज्यांचे आजोबा निबंधात वारले होते ते सगळे वर सरकले. एकाचे तर दुसऱ्या परिच्छेदात वारले होते आणि चौथ्यात पुन्हा. त्याला एकोणीस. बॅगेत कुणी मेलं नव्हतं. तिला चार.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. "अगं, येतेस का? मी जेवायचा थांबलोय."

"तुम्ही जेवून घ्या. अहो, एक पोरगी नापास होतेय."

"मग कर की पास. पेन आहे ना?"

"पेन यंदा नाही. यंदा निकष आहेत."

तिकडे थोडा वेळ ताटावर चमचा वाजत राहिला. "आमटी बरी झालीय," तो शेवटी म्हणाला.

फोन ठेवून बाईंनी आणखी एक वाक्य लिहिलं, खोडलं, खिडकी उघडली, लावली. यंत्रवाला वैतागला. "मॅडम, तुमचे निकष असे गुळमुळीत नकोत. यंत्राला अर्थ लागला नाही, तर ते गुणच देत नाही. सगळे पेपर बाजूला काढतं आणि माणसाकडे पाठवतं. मग आम्हाला बोलावलंत कशाला?"

बाई चालता चालता थांबल्या.

"सगळे?"

"सगळे."

आयुष्यभर 'स्पष्ट लिहा' म्हणून लाल पेनं झिजवलेल्या बाई खुर्चीत नीट बसल्या. मुख्याध्यापकांच्या सूचनाफलकावरची भाषा त्यांना तोंडपाठ होती. आधीचं सगळं पुसून त्यांनी एकटाकी लिहिलं, 'यथोचित बाबींचा साकल्याने विचार करून, आवश्यक तेथे, योग्य वाटल्यास, योग्य ते गुण योग्य प्रमाणात द्यावेत.'

मुख्याध्यापकांनी ते चष्मा लावून वाचलं, मग चष्मा काढून वाचलं. "याला म्हणतात निकष," ते म्हणाले. "सगळं आलं यात." आणि लांबलचक सही केली.

यंत्राने मिनिटभर विचार केला. पडद्यावर अक्षरं आली, 'गुणदान शक्य नाही. सर्व उत्तरपत्रिका माणसाकडे पाठवाव्यात.'

"कुठल्या माणसाकडे?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

यंत्रवाल्याने बाईंकडे पाहिलं. शिपायानेही पाहिलं. पाठदुखीवाले दोघे घरी होते.

"आणा," बाई म्हणाल्या.

चारही तुकड्यांचे गठ्ठे टेबलावर आले, तेव्हा पलीकडे बसलेला यंत्रवाला दिसेनासा झाला. गठ्ठ्यांमागून त्याचा आवाज आला, "मॅडम, सोमवारी निकाल आहे."

"माहितीये. तू नीघ. लाल पेन असेल तर ठेवून जा."

बाईंनी आधी बॅग शोधून काढली. पहिल्यापासून वाचली, चिमट्यापाशी थांबल्या, पुन्हा वाचली आणि पंधरा दिले. अक्षर गिचमिड होतं, त्याचा एक कापला. शेवटी निकष म्हणून काही असतं की नाही.

मग पुढचा पेपर ओढला. गाय होती.