तारघरातली दोन हजार किलो माणसं

आमच्या इतिहास मंडळाची इमारत म्हणजे जुनं तारघर. खालच्या खोल्या तारयंत्रांनी खच्चून भरलेल्या, त्यामुळे कार्यक्रम वरच्या लाकडी मजल्यावर. मंडळाची सचिव माझी सख्खी आत्या. बावीस वर्षं ती दर महिन्याला भाषण ठेवते, घरोघरी पत्रकं वाटते, आणि येतात सात माणसं. त्यातला एक मी, तोही तिच्या धाकाने. एकदा तरी सभागृह भरलेलं बघायचं, एवढीच तिची इच्छा.

यंदा इंजिनिअरने तुळया ठोकून बघितल्या आणि लिहून दिलं: वर दोन हजार किलोपेक्षा जास्त भार नको. दुसऱ्या कुणी याचा अर्थ 'तीसेक माणसं' असा घेतला असता. पण आत्या पडली इतिहासवाली. कागदावर किलो लिहिलंय ना, मग किलोच. माझं भंगाराचं दुकान, म्हणून काटा मीच आणायचा आणि जिन्याखाली बसून माणसं तोलायची.

"आत्या, सात जणांचे दोन हजार किलो व्हायला हत्ती बोलवावे लागतील."

"तू काटा आण रे. तोंड चालवू नकोस."

आणि त्या संध्याकाळी ही गर्दी लोटली! सगळी विषयाची करामत. 'आपल्या गल्लीतली भांडणं: शंभर वर्षांचा आढावा'. वक्ता कोर्टातला निवृत्त कारकून, म्हणजे पुराव्यासकट बोलणार. आपल्या आजोबांचं नाव निघतं का ते ऐकायला, आणि निघालंच तर आरडाओरडा करायला, घराघरातून माणूस आलं होतं.

शिंपीणकाकू काट्यावर चढेचनात. "भंगाराच्या काट्यावर मी? आणि आकडा मोठ्याने वाचलास तर याद राख!" मी कानात सांगितला, तर म्हणाल्या काटाच खोटा आहे. पाववाल्याने आधी बूट काढले, मग घड्याळ, मग चष्मा, आणि पहिल्याच पायरीवर आपटला. दोन जावा एकमेकींचा आकडा बघितल्याशिवाय वर जायला तयार नव्हत्या.

आत्या धरून बत्तीस जण वर गेले. बेरीज एकोणीसशे सत्तावन्न. मग कारकूनसाहेब आले, बगलेत फायलींचा गठ्ठा. फायलींसकट अठ्ठ्याण्णव. झालं, पंचावन्न किलो जास्त!

मी जिन्यातूनच ओरडलो, कारण मी वर गेलो असतो तर आणखी ब्याऐंशी. "कुणीतरी एक जण खाली या!"

कुणी हललं नाही. आपण उतरलो आणि मागे आपल्याच घराचं नाव निघालं तर? पाववाल्याने तर खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरली.

आत्या दारात उभी होती. तिने सगळ्या खुर्च्यांवरून एकदा नजर फिरवली. "माझे अठ्ठावन्न ना रे?"

"अगं आत्या, कार्यक्रम तुझा..."

"हो बाजूला."

ती उतरली. मला त्या लोकांचा असा संताप आला! एकानेही 'तुम्ही बसा' म्हटलं नाही.

कारकूनसाहेब वर गेले आणि पाच मिनिटांत कुणाच्या तरी आजोबांनी कुणाची तरी भिंत पाडल्याचं निघालं. एकच गलका उठला. पाय आपटले गेले, आमच्या डोक्यावर चुना पडला. आत्या खालच्या पायरीवर बसून छताकडे बघत होती.

"किती जण आहेत वर?"

"बत्तीस."

"परत सांग."

"बत्तीस, आत्या."

तेवढ्यात माझे बाबा आले. आत्याचे थोरले भाऊ, पण बावीस वर्षांत इकडे फिरकले नव्हते. 'तुझ्या रिकाम्या खुर्च्यांना माझा नमस्कार सांग,' असं दर वेळी म्हणायचे. आज त्यांनाही आजोबांची काळजी लागली होती. ते तडक जिन्याकडे निघाले. आत्या उठून आडवी उभी राहिली.

"दादा, जागा नाही."

"अगं, एका माणसाला कसली आलीय जागा!"

आत्याने माझ्या हातातला कागद घेतला आणि बेरीज नीट वाचली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज अगदी कडक.

"तीन किलोची आहे. बघ, मावतोस का."