सातवी पट्टी

"बाबा, तुम्हाला दिसेनासं झालंय का?"

विचारून टाकलं आणि रावयाला वाटलं, शब्द ओढून परत तोंडात कोंबावेत. पण पैज म्हणजे पैज. दुपारी शाळेच्या फाटकाशी गिहानने सगळ्या पोरींसमोर तिला डिवचलं होतं, "अख्खी बाकोस वस्ती म्हणतेय, उस्ता बसयूनीला दिसेनासं झालंय, त्याने तारा गुंडाळलेल्या मोटारी ट्रामखाली ठिणग्या उडवतात. हल्ली वर्गात फार तोंड चालतं ना तुझं? मग लाव पैज, विचार बापाला!"

आपल्या छोट्या कारखान्यात बसलेल्या बसयूनीचे, तिच्या बाबांचे, हात थांबले. पुढ्यातल्या घोडीवर आर्मेचर आडवं होतं, ट्रामच्या मोटारीचा फिरणारा गाभा. पोलादाच्या खाचाखाचांत तांब्याची वेटोळी, आणि एका टोकाला तांब्याच्या अरुंद पट्ट्यांचं कडं, दर दोन पट्ट्यांमध्ये अभ्रकाचा पापुद्रा.

"कोण विचारतंय?"

"गिहान."

"गणितात सतरा मार्क मिळवणाऱ्या गिहानने माझे डोळे तपासू नयेत." तो हसला नाही. "तू अभ्यासाला बस."

रावया हलली नाही. दोन मोटारी ट्रामच्या डेपोतून परत आल्या होत्या. ही तिसरी. हीदेखील परत आली तर यापुढे काम मिळणार नाही, असा तिथल्या इंजिनिअरचा निरोप होता. अठ्ठावीस वर्षं अलेक्झांड्रियाच्या ट्राम बसयूनीच्या हातच्या वेटोळ्यांवर धावल्या होत्या, म्हणून तर लोक त्याला उस्ता, म्हणजे वस्ताद, म्हणत.

"ट्राम एका टोकाच्या व्हिक्टोरियाकडे जाताना ठिणग्या उडतात आणि दुसऱ्या टोकाच्या रमलकडे येताना नाही," ती म्हणाली. "असं का?"

तिचं बोट धरून त्याने कड्यावर ठेवलं. "इथे कार्बनचा ब्रश टेकतो. कडं फिरतं, एकेक पट्टी ब्रशखालून सरकते. त्या क्षणात तिच्या वेटोळ्यातला प्रवाह उलट फिरायला हवा. आणि तो फिरताना वेटोळं दोन चुंबकांच्या मधोमध हवं, निवांत. तिथे त्याला कुणी ओढत नाही. त्या जागेपासून जरा ढळलं, की वळण अर्धवट राहतं आणि पट्टी ब्रशखालून सुटताना ठिणगी पडते. एका दिशेला जास्त, दुसरीला कमी."

"म्हणजे टोकं चुकीच्या पट्टीला गेलीत?"

"मी मोजून लावतो," तो तुटकपणे म्हणाला. "पहिल्या वेटोळ्याचं टोक खुणेची पट्टी धरून सातव्या पट्टीला. बाकीची मग ओळीने."

"मोजा. मी बघते."

त्याने डोळे मिटले. मोजताना तो हल्ली डोळे मिटायचा. घरात सगळ्यांना वाटे, भक्तिभाव. मोजायची रीत त्याच्या आजोबांची होती, गहू मापणाऱ्यांची. एकच्या जागी 'अल्ला एक', दोनच्या जागी 'त्याला दुसरा नाही', मग तीन, चार.

खुणेच्या पट्टीवर ठोकलेला खळगा होता. त्यात बोट टेकलं. "अल्ला एक... त्याला दुसरा नाही..."

बोट तिथेच होतं.

"तीन," म्हणत ते दुसऱ्या पट्टीवर गेलं. सात म्हणताना सहावीवर थांबलं.

पुढच्या पट्ट्या गुळगुळीत होत्या. पहिल्या दोन आकड्यांना बोट खळग्यातच रेंगाळत होतं, आणि पाहून चूक धरायला डोळे नव्हते.

"बाबा, ही सहावी आहे."

त्याने पुन्हा मोजलं. या वेळी तिने त्याचं बोट धरून प्रत्येक आकड्याला एकेक पट्टी पुढे नेलं. सातवी आली तेव्हा त्याने हात मांडीवर ठेवले.

"कडेकडेचं दिसतं," तो म्हणाला. "मधलं पुसून गेलंय. डॉक्टर म्हणाले, परत यायचं नाही."

रावयाने कथिलाचा डाग देऊन टोकं जोडायची सळई तापत ठेवली.

एकेक टोक सोडवून एक पट्टी पुढे न्यायला तीन दिवस लागले. शाळा सुटली की ती थेट कारखान्यात. ती मोजायची, तो डाग द्यायचा. त्याचे हात अजून पक्के होते. डागाचा थेंब कधी ओघळला नाही.

मोटार ट्राममध्ये बसली आणि चौथ्या दिवशी डेपोतून निरोप आला, व्हिक्टोरियाकडे जाताना ब्रशखाली अंधार, येतानाही अंधार, एकही ठिणगी नाही. इन्साफने, म्हणजे रावयाच्या आईने, मोलोखियाच्या पालेभाजीचं पातेलं ताटांजवळ आणून ठेवलं. "मला माहीतच होतं! माझ्या उस्ताच्या हाताला तोड नाही."

"इन्साफ, मोजलं मी नाही," बसयूनी म्हणाला. "हिने मोजलं. मला पट्ट्या दिसत नाहीत. वर्ष होत आलं."

इन्साफ त्याच्याशेजारी बसली. मग त्याच्या बाहीला धरून म्हणाली, "वर्षभर माझ्याशेजारी झोपलात आणि एकट्यानेच सोसलंत?" डोळे पुसून तिने लेकीकडे बघितलं. "तू मात्र आता पुस्तकांतून डोकं वर काढू नकोस. फार्मसीला जायचंय. या धुरात एकाचं आयुष्य गेलं तेवढं पुरे."

रावयाने भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"आई, मी फार्मसीला जाणार नाही. औद्योगिक शाळेचा फॉर्म आणलाय, विद्युत विभागाचा. उद्या भरणार. आणि बाबा, डेपोतल्या इंजिनिअरला डोळ्यांचं तुम्हीच सांगा. मी बरोबर येते."